परतीची गाडी, प्रवासी दोन

३ मार्च, मंगळवार

सुतळे,

तुझा फॉर्म मिळाला. आमच्या पद्धतीप्रमाणे पोच देते. शनिवार, १४ मार्च, सकाळी साडेदहाच्या विमानाने येणार, प्रवासी एक, बॅगा दोन, एअरपोर्टवरून घ्यायचे. मंगळवार, १७ मार्च, दुपारी बाराला घरून निघून एअरपोर्टला सोडायचे, प्रवासी दोन, पैकी एक वृद्ध, व्हीलचेअर सोबत. मोठी गाडी. ड्रायव्हर सावकाश चालवणारा. विशेष सूचना: ड्रायव्हरने गप्पा मारू नयेत.

रोज दहा-पंधरा जणांना मी अशी पोच पाठवते आणि ती तीन ओळींत संपते. तुझी संपेना, कारण तू दिलेला पत्ता माझ्याच घराचा आहे आणि तो वृद्ध प्रवासी आत पलंगावर बसून मला विचारतोय, "कोणाचं गं बुकिंग? एवढा वेळ काय वाचतेयस?"

नऊ वर्षांनी तू मला लिहिलंस आणि ते हे. नाव, फोन, प्रवासी किती, सामान किती. "आमच्याबद्दल कुठून कळलं?" या प्रश्नापुढे तू "ओळखीतून" या चौकटीत खूण केलीस. ते वाचून मला हसू फुटलं, मग डोळे पुसावे लागले. शहरात एअरपोर्टच्या गाड्या देणारे पन्नास जण तरी असतील, त्यातले निम्मे माझ्यापेक्षा स्वस्त. तू बरोबर माझ्याच दारात आलीस, तेही तोंड फुगवून. बाबांनी तुझं नाव सुतळी ठेवलं ते अंगकाठीवरून. गाठ मारून बसायची तुझी सवय त्यांना तेव्हा कळली नसावी.

आई पडल्याचं आपल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी तुला कळवलं, ते मला त्यांच्याकडूनच समजलं. खरं तर मी कळवायला हवं होतं. जानेवारीत बाथरूममध्ये तिचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण खुबा चांगलाच दुखावला. तेव्हापासून ती वॉकर धरून घरातल्या घरात चालते. बाकी सगळं शाबूत आहे, जीभ तर फारच. पुढच्या खोलीत माझं ऑफिस, मागच्या खोलीत तिचा पलंग, मधलं दार कायम उघडं. बारा वर्षांपूर्वी तुझे भाऊजी गेले आणि या चार गाड्या माझ्या गळ्यात पडल्या, त्यातल्या निम्म्या तिनंच ओढल्या असं म्हण. गिऱ्हाईक फोनवर "चारला निघालो तरी चालेल ना?" म्हणालं की आतून आवाज येतो, "साडेतीन सांग. त्या रस्त्याला शाळा सुटते." मी बुकिंग वहीत लिहिते, ती डोक्यात ठेवते. आणि चुकते ती वही.

तुझ्यासाठी मास्तरांना ठेवलं आहे. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, गेली दहा वर्षं आमच्याकडे आहेत. गप्पांची काळजी नको. वर्गात बोलून बोलून त्यांच्या वाट्याचं बोलणं संपलेलं आहे.

तू न्यायला येते आहेस हे आईला अजून सांगितलेलं नाही. सांगते.

ताई
(बुकिंग विभाग म्हणजे मीच)


६ मार्च, शुक्रवार

सुतळे,

"पोच मिळाली. आभारी आहे. आपल्या गाडीत मागच्या सीटला बेल्ट आहेत ना?"

आहेत. दोन्ही बाजूंना आहेत आणि दोन्ही लागतात. तुझं "आपल्या" वाचून मात्र मी पदर सावरून बसले, न जाणो कोणी मोठी बाई समोर उभी असायची.

आईला काल सांगितलं. दुपारी फोन जरा थंडावतात तेव्हा मी तिच्या पायाला तेल लावते, तेव्हाच विषय काढला.

"धाकटी येतेय, शनिवारी."

तिनं पाय आखडला.

"तुला न्यायला येतेय. चार महिने तरी. तिच्याकडे पायाचे मोठे डॉक्टर आहेत म्हणे, व्यायाम करून घेणारे लोक घरी येतात. तीन तासांचं तर विमान आहे."

"पाय इथंही दुखतोच आहे की. तिकडे नेऊन काय वेगळा दुखणार आहे?"

"बरा होईल म्हणतात."

"हे बघ," आई म्हणाली, "येऊ दे, राहू दे, पोटभर जेवू दे. तिचं घर आहे. पण जिनं आपला शब्द फिरवला तिच्या भरवशावर मी घर सोडून जाणार नाही. तिची गाडी एकटीपुरतीच बघ."

झालं ते असं. तर १७ तारखेला मोठी गाडी आणि व्हीलचेअर लागणार नाही असं दिसतं. छोटी गाडी करू का, कळव.

आता खरं लिहायचं तर आईचं ऐकून मला हायसं वाटलं. चार महिन्यांचे सहा होतात, सहाचे कायमचे होतात. ती गेली तर या घरात मी आणि दोन फोन. बासष्टाव्या वर्षी मी एकटी जेवायला शिकू का? तुला ते जमलं असेल, तुझ्यावर वेळच तशी आली. हे वाक्य खोडणार होते, पण राहू दे.

त्या दिवसाबद्दल तू काही विचारलेलं नाहीस, तरी बोलते. तुझा मेसेज मला अजून पाठ आहे. "आज त्याला सोडतेय. आईला तू सांग. मला आज बोलणं जमणार नाही." तुझा नवरा नोकरीसाठी परदेशी जाणार हे आम्हाला माहीत होतं, पण पुढच्या महिन्यात. तो त्याच दिवशी निघाला आणि तू त्याला एअरपोर्टला सोडायला गेली होतीस, हे आम्हाला कुठून कळणार? मला वाटलं, तू त्याला सोडते आहेस. कायमची. तसंच मी आईला सांगितलं, आणि आईनं पाच वर्षं तोंड दाबून ठेवलेलं सगळं तुझ्या सासूबाईंना फोन करून ऐकवलं. तो परदेशात उतरला तेव्हा हे सगळं त्याच्या कानांवर गेलेलं होतं. पुढचं तू माझ्यापेक्षा जास्त भोगलंस.

पण सुतळे, शब्द तुझाही थोडा चुकलाच. "सोडायला चाललेय" लिहिलं असतंस तर असं झालं नसतं. मी वाचलं ते तू लिहिलेलंच होतं.

गाडीचं कळव.

ताई


९ मार्च, सोमवार

सुतळे,

या वेळी तुझं उत्तर लांब आलं. आधी लिहिलंस, "बुकिंग बदलू नये. आईला मी स्वतः विचारेन." आणि मग खाली, बहुतेक पाठवायचं की नाही असा विचार करून:

"शब्द माझा चुकला असेल. पण आईला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं की तिकीट अलीकडचं मिळालं आणि मी त्याला एअरपोर्टला सोडायला गेले होते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, विचार करून फोन करते. चार दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा मी खोटारडी झाले होते. सासरच्यांना घाबरून शब्द फिरवला, म्हणाली. मी रडत होते, तिनं फोन ठेवला. संसार मोडला ते मी पचवलं. पण आईला माझं खरं का वाटलं नाही, ते मला नऊ वर्षांत कळलं नाही. तिचं वय झालंय. ते न कळता ती जायला नको, म्हणून येतेय."

काल मी हे चार वेळा वाचलं आणि उत्तर न देता फोन पालथा घातला. आज दुपारी पावणेतीनला मास्तरांचा मेसेज आला. ते एका कुटुंबाला घेऊन गेले होते. मेसेज एका शब्दाचा होता: "सोडतोय."

आमचे सगळे ड्रायव्हर हेच लिहितात. एअरपोर्टच्या दाराशी गाडी लागली, प्रवासी उतरायला लागले की "सोडतोय". दिवसातून पंधरा-वीस वेळा माझ्या फोनवर हा शब्द येतो. तुझे भाऊजी होते तेव्हापासून येतो. या शब्दाचा दुसरा अर्थ असतो हे एखाद्या वेळी विसरायला होईल, पण हा अर्थ मी विसरणं शक्य नाही.

गेल्या पत्रात मी तुला जे लिहिलं ते अर्धंच होतं. उरलेलं आज लिहिते.

तुझा मेसेज आला तेव्हा मी याच टेबलाशी होते. पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या मनात आलं, कुठे सोडतेय? म्हणजे बघ. बरोबर अर्थच आधी आला. मग तुम्ही दोघं एका रविवारी आमच्याकडे जेवायला आला होतात ते मला आठवलं. मी तुला विचारलं होतं, "पाणी देऊ का?" आणि उत्तर द्यायच्या आधी तू त्याच्याकडे बघितलं होतंस. पाण्यासाठी. तू त्याला सोडावंस असं मला तेव्हापासून वाटत होतं. मी मेसेज पुन्हा वाचला, आणि या वेळी मला जे हवं होतं तेच त्यात दिसलं.

मी तुला फोन केला, हे तुला माहीत आहे. तू उचलला नाहीस, गाडी चालवत होतीस. मी एकदाच केला. दुसऱ्यांदा का केला नाही, ते आजवर कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा तू उचलला असतास अशी मला भीती वाटली. तू म्हणाली असतीस, अगं एअरपोर्टला सोडतेय, आणि सगळं होतं तसंच राहिलं असतं. मी फोन खाली ठेवला आणि आईकडे गेले.

इथवर तरी तू मला समजून घेशील कदाचित. पुढचं कठीण आहे.

ते चार दिवस. तू आईला खरं सांगितलंस आणि आई विचारात पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला आत बोलावलं. म्हणाली, "तू रोज माणसं एअरपोर्टला पाठवतेस. तुला यातलं कळतं. मला सांग, सोडायला जाणारं माणूस नुसतं 'सोडतेय' असं लिहील का?"

मी म्हणाले, "नाही. तसं कोणी लिहीत नाही. 'सोडायला चाललेय' असं लिहितात."

तेव्हा माझ्या हातात फोन होता. त्यात त्याच सकाळचे तीन मेसेज होते. "सोडतोय." "सोडतोय." "पोचलो, सोडतोय."

तोवर आई तुझ्या सासूबाईंशी बोलून बसली होती. तुझं खरं मानलं असतं तर ही आग कोणी लावली, ते उघड झालं असतं. मला आईच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. शिवाय मनात हेही होतं की सुटलीच आहे तर आता सुटू दे. म्हणजे तुझ्या भल्याचं नाव घेऊन मी स्वतःला वाचवलं. तो संसार टिकला असता की नसता, तू तो स्वतः मोडला असतास की नसतास, मला माहीत नाही. ते तुझं तू ठरवायचं होतंस.

आईला तुझं खरं का वाटलं नाही, तर मी तिला वाटू दिलं नाही म्हणून. आई चुकली नव्हती, सुतळे. तिनं जाणकार माणसाला विचारलं होतं.

आईला मी हे उद्या सांगणार आहे. मग ती तुझ्याबरोबर येईल, हे मला पक्कं माहीत आहे.

ताई


११ मार्च, बुधवार

सुतळे,

काल सांगितलं. तेल लावताना सांगायचं ठरवलं होतं, पण पाय हातात धरून बोलवेना. खुर्ची ओढून समोर बसले आणि तुला लिहिलं त्याच क्रमानं सांगत गेले. मध्ये दोनदा फोन वाजला. एकदा मी उठले नाही, दुसऱ्यांदा आईच म्हणाली, "उचल. त्यांचा काय दोष आहे?"

फोन संपवून परत आले तर ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. जेवायला तेवढी उठली आणि पुन्हा तशीच आडवी झाली.

आज सकाळी मास्तर गाडीच्या किल्ल्या घ्यायला आले तेव्हा तिनं त्यांना आत बोलावलं. मास्तर चपला काढून दारातच उभे राहिले. मी चहा ठेवायला गेले, पण कान तिकडेच होते.

"मास्तर, एअरपोर्टला माणसं पोचवलीत की हिला काय लिहिता तुम्ही?"

"सोडतोय, असं लिहितो."

"एवढंच?"

"एवढंच. पूर्ण वाक्य लिहायला हवं खरं तर. पण मागून पोलीस शिट्ट्या मारतात, गाडी थांबू देत नाहीत."

"आणि बाकीचे?"

"सगळेच."

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून तरी."

"बरं," आई म्हणाली. "चहा घेऊन जा."

दहा वर्षांत मास्तर एका दमात एवढं बोललेले मी ऐकले नव्हते. ते गेल्यावर आईनं मला हाक मारली नाही, मीच जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं ती ओरडेल. माझी तयारी त्याचीच होती. ती म्हणाली, "ती पोरगी रडत होती आणि मी फोन ठेवला." मग तिनं पांघरूण नीट केलं. "तुझं मी नंतर बघेन. तुझ्याशी बोलायला मला वेळ लागेल." हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, एखाद्या गिऱ्हाइकाला आज गाडी नाही सांगावं तसं. मी हो म्हणाले.

दुपारी तिनं विचारलं, "मंगळवारची गाडी किती वाजता आहे?"

"बारा."

"मग सकाळी नीट अंघोळ घाल मला. घाई करू नकोस. आणि माझ्या बॅगेत जाड स्वेटर टाक, तिच्या गावाला थंडी असते."

तेव्हा तुझं बुकिंग जसं होतं तसं कायम आहे. परतीची गाडी मोठी, प्रवासी दोन. चार महिने की कायमचं, ते आई बोलली नाही. मी विचारलं नाही.

ताई


१३ मार्च, शुक्रवार

सुतळे,

दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. बुकिंगही रद्द केलेलं नाहीस, म्हणून येते आहेस असं धरून चालले आहे. कामाचं तेवढं लिहिते.

मास्तर पाटी घेऊन बाहेरच्या दाराशी उभे असतील. पाटीवर तू फॉर्मवर दिलेलं पूर्ण नावच आहे, काळजी करू नकोस. मी एअरपोर्टला येणार नाही. गाडीत मला समोर बघून तुला परत फिरता यायचं नाही, तशी वेळ तुझ्यावर आणायची नाही.

आईला पुढून आधार द्यायचा नाही, ती चिडते. मागे अर्धं पाऊल राहायचं आणि हात तिच्या कोपराजवळ ठेवायचा, लावायचा नाही. विमानात तिला कडेची जागा हवी असेल असं समजू नकोस, तिला खिडकी आवडते. मध्येच ती डोळे मिटून ओठ हलवते, तेव्हा देवाचं नाव घेत नसते, हिशेब करत असते की कोणती गाडी आता कुठे पोचली असेल. तुझ्याकडे गेल्यावर तिला काहीतरी काम दे. नुसती बसवून ठेवलीस तर आजारी पडेल.

घरात तीन खोल्या आणि त्यातली एक ऑफिस, तेव्हा तू मला टाळू म्हटलंस तरी टाळता येणार नाही. तुला नको असेल तर तीन दिवस मी शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे झोपायला जाईन. फोन घेऊन जाईन, धंदा अडणार नाही.

एवढं लिहिलं आणि तुझी ओळ आली. "घरातच राहा. आईची औषधं मला समजून घ्यायची आहेत."

बरं. औषधांचा डबा पुसून ठेवते.

ताई


१७ मार्च, मंगळवार. एअरपोर्टचं पार्किंग

सुतळे,

तू आत्ता वर, आत कुठेतरी बसली आहेस आणि मी खाली गाडीत. सवय लागली म्हणून लिहिते आहे. समोरासमोर तीन दिवस होतो तेव्हा औषधांपलीकडे फारसं बोललो नाही, आणि आता शब्द अडत नाहीत.

शनिवारी तू आलीस आणि तशीच बूट न काढता आत गेलीस. आईनं तुझ्या हनुवटीला हात लावला एवढं मी बघितलं, मग तूच मधलं दार लोटलंस. या घरात ते दार मी बारा वर्षांत बंद बघितलं नव्हतं. तासभर मी बाहेर फोन घेत होते. त्या तासात मी एका गिऱ्हाइकाला दक्षिणेऐवजी उत्तरेची गाडी पाठवली आणि एकाचं नावच विचारायचं विसरले. आतून कोणी चूक काढली नाही.

तू किती जाड झालीस गं. बाबा असते तर नाव बदलावं लागलं असतं. हे मी तुला तोंडावर म्हणणार होते, तीन दिवस जिभेवर होतं, पण अजून तो हक्क परत मिळाला आहे असं वाटलं नाही.

काल स्वयंपाकघरात तू मला म्हणालीस, "मी तुला माफ केलेलं नाही. करेन का, ते माहीत नाही." मी म्हणाले, "बरं." तू म्हणालीस, "पण तू सांगितलंस. सांगितलं नसतंस तर आई इथंच राहिली असती, तुझ्याजवळ. तेही मला दिसतंय." मग गोळ्यांच्या वेळा पुन्हा एकदा विचारल्यास. मी सांगितल्या. आणि आज सकाळी मी आईला अंघोळ घालत होते तेव्हा बाहेर फोन वाजला आणि तो तू घेतलास. "हो, बोला. साडेतीन. पत्ता सांगा. प्रवासी किती?" वहीत तुझं अक्षर बघून मी पान उलटलं नाही बराच वेळ.

गाडीत आई तुझ्याशी बोलली, मास्तरांशी बोलली. माझ्याशी नाही. दाराशी तिला व्हीलचेअरवर बसवताना मी मागे अर्धं पाऊल उभी होते. वाकून पाया पडले तेव्हा तिनं डोक्यावर हात ठेवला, पण तोंड तिकडेच. तिनं सांगितलंच होतं की वेळ लागेल. मी घाई करणार नाही. ती बरी होऊ दे, मग कुठे राहायचं ते तिचं तिनं ठरवू दे. या खेपेला मी कोणाच्या वतीनं काही वाचणार नाही.

आमच्याकडे एक पद्धत आहे, ती तुला माहीत नसेल. माणसं सोडली की गाडी लगेच निघत नाही. विमान उडेपर्यंत पार्किंगमध्ये थांबायचं. क्वचित कोणाचं विमान रद्द होतं, कोणी घरी कागद विसरलेलं असतं, कोणाचा जीवच घाबरतो आणि ते बाहेर येऊन उभे राहतात. तेव्हा आपली गाडी समोर असावी. तुझे भाऊजी तसं करायचे, म्हणून मी ड्रायव्हर लोकांकडून करून घेते. अडीच वाजून गेले. मास्तर पुढच्या सीटवर मान टाकून झोपलेत. मी दाराकडे बघत बसले आहे. तुम्ही बाहेर याल असं मला वाटत नाही. यावंत असंही वाटत नाही. तरी बघते आहे.

तुझा मेसेज आला.

"विमानात बसलो. आईला खिडकी मिळाली. ती विचारतेय, साडेतीनच्या माणसाला गाडी पाठवलीस का. म्हणाली, तिला आत्ताच विचार, ती एअरपोर्टवर रडत बसलेली असणार आणि तो माणूस दारात उभा असणार. मी विचारतेय, तू जेवलीस का."

सुतळे, साडेतीनचा माणूस माझ्या डोक्यातून पार गेला होता. मास्तरांना उठवते. आईला सांग, गाडी निघाली.

जेवले नाही. आता जेवते.

ताई